कचरापेटीचा चेहरा

साहित्यकृती, नाट्यप्रयोग, फार तर एखाद्या नव्या चर्चची वास्तू, इथपर्यंत आपली समीक्षा पोहोचते. ज्या वस्तू आपल्या मुलांच्या हाताला रोज लागतात आणि ज्यांच्याकडून ती नकळत काही शिकतात, त्यांच्याकडे मात्र समीक्षकाची नजर सहसा वळत नाही. सार्वजनिक उद्यानातील कचरापेटी ही अशीच एक उपेक्षित वस्तू होय. तीही कोणीतरी कल्पिलेली, घडविलेली आणि रंगविलेली असते. मुलांना डोळ्यांसमोर ठेवून घडविलेल्या कचरापेटीत तर बोधकथेची सारी सामग्री असते: एक पात्र, एक कृती आणि एक तात्पर्य. ती बोधकथा चांगली की वाईट, हे तपासून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आपल्याकडील सर्वपरिचित कृती म्हणजे फायबरचा पेंग्विन. महानगरांतील बागांपासून तालुक्याच्या गावापर्यंत तो उभा असतो. काळी पाठ, पांढरे पोट, वासलेली चोच आणि छातीवर बहुधा इंग्रजीत लिहिलेले ‘यूज मी’ हे दोन शब्द. ससा, बेडूक, कांगारू आणि क्वचित विदूषक हे त्याचे भाऊबंद. वर्षानुवर्षे आपण त्यांना पाहत आलो आहोत आणि म्हणूनच त्यांच्याविषयी काही विचार करावा असे आपल्याला वाटत नाही.

या कृतीचे जे श्रेय आहे ते आधी देऊ या. तिच्यामागील निरीक्षण खरे आहे. उघडे तोंड दिसले की त्यात काहीतरी घालावे ही ऊर्मी बालमनात उपजत असते. बाहुलीला भात भरविणारी मुलगी आणि आजोबांच्या तोंडात बळेच चणे कोंबणारा नातू आपण घरोघरी पाहतो. या ऊर्मीचा स्वच्छतेसाठी उपयोग करून घ्यावा, ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याला मुलांचे मन कळत होते, यात संशय नाही.

पण कल्पना चांगली असली तरी कृती साधतेच असे नाही. पेंग्विनच्या बाबतीत ती तीन ठिकाणी फसली आहे. पहिला दोष मापाचा. पाच वर्षांच्या मुलाची उंची एक मीटरहून थोडीशीच अधिक असते. पुष्कळ ठिकाणी चोच त्याच्या डोक्याच्या पातळीवर किंवा त्याहूनही वर येते. त्याला आत काय आहे ते दिसत नाही, हात पुरत नाही, मग तो कागद भिरकावतो आणि नेम चुकतो. मुलांसाठी घडविलेली वस्तू मुलाच्या हाताला पोहोचू नये, हा कारागिरीचा साधा दोष आहे. तो प्रौढांच्या ध्यानात येत नाही, कारण प्रौढ कधी खाली वाकून पाहत नाहीत.

दुसरा दोष भाषेचा. बाराखडी गिरवणाऱ्या मुलाशी पेंग्विन परक्या लिपीत बोलतो. ते शब्द वाचता आले तरी त्यांचा अर्थ काय? ‘मला वापरा.’ ही वस्तूची भाषा झाली, पात्राची नव्हे. ज्याला चेहरा दिला, डोळे दिले, त्याच्या तोंडी ‘मला वापरा’ हे वाक्य घालणे म्हणजे दिलेला चेहरा पुन्हा काढून घेणे होय. ‘दे इकडे!’ एवढे लिहिले असते तरी पात्र जिवंत झाले असते.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे, कारण तो आशयाचा आहे. ही बोधकथा मुलाला सांगते की प्राण्याच्या तोंडात कचरा घालणे हे सत्कृत्य आहे. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१६ साली खरेखुरे हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले आणि २०१७ पासून मुंबईची मुले त्यांना काचेपलीकडे पोहताना पाहू लागली. प्राण्यांना काही खाऊ घालू नये, हा कोणत्याही प्राणिसंग्रहालयातील पहिला नियम. एकीकडे हा नियम आणि दुसरीकडे चोच वासून वेष्टने मागणारा फायबरचा पेंग्विन. यांपैकी कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न मुलाला पडला तर तो त्याचा खट्याळपणा समजू नये. शिवाय हा केवळ तर्काचा खेळ नाही. रस्त्यावरच्या गाईंच्या पोटातून शस्त्रक्रिया करून काढलेल्या प्लास्टिक पिशव्यांविषयी आपण वाचले आहे. समुद्रपक्ष्यांच्या पोटात प्लास्टिक सापडते, हेही आता सर्वज्ञात आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी लागू करावी लागली, तिच्या कारणांत जनावरांचे हे हालही होते. ज्या काळात प्राणी खरोखरच आपला कचरा खाऊन मरत आहेत, त्या काळात कचरा खाणारा हसरा प्राणी हे प्रतीक निवडणे ही कलेतील असंवेदनशीलता आहे. ती हेतुपुरस्सर नाही हे मान्य. पण प्रतीकाचा परिणाम घडविणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसतो.

हेच बीज अधिक चांगल्या रीतीने रुजलेले पाहायचे असेल तर नेदरलँड्सकडे वळावे लागेल. उत्तर ब्राबांत या कॅथलिक प्रांतात कात्सहोवेल नावाचे गाव आहे. तेथील धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९३५ साली गावातील तरुणांसाठी एक कॅथलिक क्रीडांगण व फिरण्याची बाग सुरू झाली. पुढे १९५२ साली त्याच जागी परीकथांचे वन उभे राहिले आणि ‘एफ्तेलिंग’ या नावाने ते उद्यान युरोपभर प्रसिद्धी पावले. चित्रकार आन्तोन पीक (१८९५-१९८७) यांनी त्याला रूप दिले आणि पेतेर रेइन्डर्स यांनी त्यातील यांत्रिक करामती सिद्ध केल्या. धर्मग्रामातील मुलांसाठी केलेली एक साधी सोय एवढी वाढावी, ही गोष्ट आपल्यासारख्यांना उभारी देणारी आहे.

या उद्यानात १९५० च्या दशकाच्या अखेरीस पीक यांच्या रेखाटनावरून एक कचरापेटी तयार झाली. तिचे नाव होले बोले खेइस. खेइस हे डच बालगीतातील खादाड पात्र आहे. गुरेढोरे गिळूनही ज्याची भूक शमत नाही असा हा माणूस. उद्यानात तो तोंड वासून बसलेला असतो आणि ‘कागद इकडे! कागद इकडे!’ अशा अर्थाची आरोळी ठोकत असतो. मुलाने कागद तोंडाजवळ नेला की आतल्या हवेच्या ओढीने तो सर्रकन ओढला जातो आणि खेइस आभार मानतो. मुलांनी आजूबाजूचे कागद शोधून आणून त्याला भरवावेत, एवढी त्याची मोहिनी आहे.

पेंग्विन आणि खेइस यांतील भेद पाहण्यासारखा आहे. खेइस प्राणी नाही, माणूस आहे. त्याच्या पोटात कागद गेला तर मुलाच्या मनात दयेचा आणि कृतीचा विरोध उभा राहत नाही. उलट, ज्याच्या खादाडपणाला सीमा नाही त्याला कागदसुद्धा गोड लागतो, हा त्यातील विनोद आहे. खादाडपणा हे सात मुख्य पापांपैकी एक. त्या पापाला हास्यास्पद करून त्याच्याकडून सार्वजनिक सेवा करवून घेणे ही कल्पकता कॅथलिक मातीतच उगवावी, यात मला नवल वाटत नाही. दुसरे असे की तो मुलांच्या स्वतःच्या भाषेत बोलतो आणि त्यांच्या आजीच्या तोंडच्या गाण्यातून आलेला असतो. त्याला ओळख करून देण्याची गरज नाही. तिसरे म्हणजे तो उत्तर देतो. मुलाने काही केले आणि जगाने त्याची दखल घेतली, हा अनुभव बालपणी फार मोलाचा असतो.

तरीही खेइसविषयी एक शंका उरते आणि येथूनच या विषयातील खरा प्रश्न सुरू होतो. मूल कागद टाकते ते जागा स्वच्छ राहावी म्हणून, की आवाज ऐकू यावा म्हणून? आवाजासाठी टाकत असेल तर जेथे आवाज नाही तेथे ते काय करील? उद्यानाच्या फाटकाबाहेर खेइस नाही.

हाच प्रश्न स्टॉकहोममधील एका प्रसिद्ध प्रयोगाविषयी विचारता येतो. २००९ साली फोक्सवॅगन या मोटारकंपनीच्या जाहिरात मोहिमेसाठी तेथील एका बागेत ‘जगातील सर्वांत खोल कचरापेटी’ ठेवण्यात आली. काही टाकले की ते खोल दरीत पडत असल्याचा दीर्घ ध्वनी येई आणि शेवटी धप्प असा आवाज होई. लोक थबकत, आत डोकावत आणि आणखी काहीतरी टाकायला शोधत. एका दिवसात तिच्यात ७२ किलो कचरा जमला आणि जवळच्या साध्या पेटीपेक्षा तो ४१ किलोंनी अधिक होता, असे तेव्हा जाहीर करण्यात आले. गंमत वाटली की माणसे चांगली वागतात, हा त्या मोहिमेचा सिद्धांत होता. आकडा आकर्षक आहे, पण तो एका दिवसाचा आहे. महिनाभर रोज तोच आवाज ऐकल्यावर किती जण थांबतील, याचे उत्तर त्यात नाही. याच कंपनीच्या डिझेल गाड्यांत प्रदूषण-चाचणीला चकविणारी योजना बसविलेली होती हे २०१५ साली उघड झाले, हेही नमूद केले पाहिजे. गंमत आणि सचोटी या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे इतके बोलके उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

मुलांवरच केलेला एक जुना प्रयोग या बाबतीत अधिक मननीय वाटतो. अमेरिकेतील सिॲटल शहरात शनिवारी मुलांसाठी चित्रपटांचे खेळ होत. तेथील दोन चित्रपटगृहांत काही संशोधकांनी निरनिराळे उपाय करून पाहिले आणि त्यांचे निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाले. एरवी मुले आपल्या कचऱ्यापैकी पाचवा हिस्सासुद्धा पेटीत टाकत नसत. पेट्यांची संख्या वाढविली, तरी फरक पडला नाही. स्वच्छतेवरील बोधपट दाखविला, तरी जवळजवळ काहीच बदल झाला नाही. मग प्रत्येक मुलाच्या हातात एक थैली दिली, तेव्हा थोडी सुधारणा झाली. थैली देऊन तिचे काय करायचे ते मध्यंतरात स्पष्ट शब्दांत सांगितले, तेव्हा निम्म्याहून अधिक कचरा थैलीत आला. भरलेल्या थैलीमागे एक नाणे देऊ केले, तेव्हा हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले.

वर्तमानपत्री दृष्टीला या प्रयोगातील नाणे दिसेल. मला त्यातील थैली आणि तो साधा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. बोधपटाने जे साधले नाही ते, हातात एक साधन देऊन आणि कोणीतरी सरळ विनंती करून बऱ्याच अंशी साधले. नाण्याचे यश मोठे खरे, पण ते नाण्याबरोबरच संपते. आमिषाने आपण कृती विकत घेतो, सवय विकत घेऊ शकत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणाचे विवेचन करताना सवयीला जे स्थान दिले आहे ते येथे आठवते. एखादे सत्कृत्य एकदा घडणे म्हणजे सद्गुण नव्हे. ते सहजपणे आणि त्यातील चांगुलपणासाठी घडू लागणे हा सद्गुण होय. मात्र सवयीची सुरुवात कोठून तरी व्हावी लागते, आणि ती खेळातून झाली तर त्यात वावगे काही नाही. तेव्हा चांगल्या कचरापेटीची कसोटी अशी मांडता येईल: ती मुलाला पहिल्या दिवशी बोलावते का आणि पुढे हळूहळू स्वतः अनावश्यक होते का? पेंग्विन पहिल्याच अर्ध्यात अडखळतो. खेइस पहिला अर्धा उत्तम पार करतो आणि दुसऱ्या अर्ध्याचा विचार करीत नाही.

दुसऱ्या अर्ध्याचा विचार ज्यांनी केला त्यांत मारिया मॉन्टेसरी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे खुर्च्या, टेबले मुलांच्या मापाची होती, आणि झाडूही त्यांच्या मापाचा होता. मुलाला खोट्या खेळण्यापेक्षा खरे काम अधिक आवडते, हा त्यांच्या निरीक्षणाचा गाभा आहे. त्यांनी झाडूला सशाचे कान लावले नाहीत. झाडू लहान केला आणि मुलावर विश्वास टाकला. हाच विचार महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी रुजविला. १९४५ साली त्यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये अनुताई वाघ यांच्यासह जे कार्य केले त्यात स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग होता. त्यासाठी महागडे साहित्य लागले नाही. आजूबाजूला जे मिळाले त्यातूनच बालवाडी उभी राहिली. जपानमध्ये शाळेतील मुले आपले वर्ग आणि ओसऱ्या स्वतः झाडतात, पुसतात. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेतील विषारी वायूच्या हल्ल्यानंतर तेथील अनेक सार्वजनिक कचरापेट्या काढून टाकण्यात आल्या, तरी रस्ते घाण झाले नाहीत. जे मूल रोज स्वतः जमीन पुसते त्याला कागद जमिनीवर टाकताना पुसणाऱ्याचा हात आठवतो.

हा हात आपल्या सगळ्या कचरापेट्यांतून अदृश्य झाला आहे, हा माझा मुख्य आक्षेप आहे. पेंग्विनने खाल्ले, खेइसने गिळले, खोल विहिरीत धप्पकन पडले, या तिन्ही कथांचा शेवट एकच: कचरा नाहीसा झाला. वस्तुतः तो नाहीसा होत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणीतरी बाई किंवा बाबा त्या पोटात हात घालतो आणि ओला, सुका, काचा, सुया असे सारे बाहेर काढतो. जी बोधकथा या माणसाला वगळते ती कितीही मनोरंजक असली तरी अर्धसत्य सांगते. संत गाडगेबाबांनी हे ओळखले होते. ज्या गावी कीर्तन करायचे त्या गावचा रस्ता ते आधी स्वतः झाडीत. त्यांच्या हातातील खराटा सर्वांना दिसत असे, आणि म्हणूनच रात्रीच्या शब्दाला वजन येत असे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पर्यावरणविषयक शिक्षणाची चर्चा करताना कचऱ्याचे वर्गीकरण करण्यासारख्या लहान दैनंदिन कृतींचा आवर्जून उल्लेख केला आहे. केवळ कायदे पुरेसे नाहीत, मनात सद्गुण रुजले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह आहे. कायदा आपल्याकडेही आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक केले. पेंग्विनला मात्र एकच तोंड आणि एकच पोट. तो काळाच्याही मागे पडला आहे.

मग आपल्या चर्चच्या आवारात, विशेषतः फेस्ताच्या दिवसांत, कशी कचरापेटी असावी? समीक्षकाने केवळ दोष दाखवून थांबू नये, म्हणून चार गोष्टी सुचवितो. तिचे तोंड पाच वर्षांच्या मुलाच्या छातीच्या उंचीवर असावे, रुंद असावे आणि त्याला हाताने ढकलावे लागणारे झाकण नसावे. घाणेरड्या झाकणाला हात लावायला मूल कचरते, आणि ते योग्यच आहे. तिची जागा दूर कोपऱ्यात नसून जेथे वेष्टन उघडले जाते तेथे, म्हणजे आइस्क्रीमच्या गाडीशेजारी, खेळण्यांच्या आणि खाऊच्या दुकानांपुढे असावी. ओल्यासाठी एक आणि सुक्यासाठी एक अशा दोन पेट्या असाव्यात व त्यांवर काय टाकायचे त्याची चित्रे धर्मशिक्षणवर्गातील मुलांनीच काढावीत. शब्द मराठीत असावेत. स्वतः रंगविलेल्या पेटीजवळ उभे राहून मूल इतरांना कागद मागते. त्याच्या तोंडची ती हाक कोणत्याही यंत्राच्या आवाजापेक्षा श्रेष्ठ आहे. आणि पेटी तुडुंब भरण्यापूर्वी ती रिकामी व्हावी. भरून वाहणाऱ्या पेटीइतका निरुत्साह दुसरे काही देत नाही.

चेहरा द्यायचाच असेल तर तो माणसाचा द्यावा, म्हणजे पेटी रिकामी करणाऱ्याची मुलांशी ओळख करून द्यावी. त्यांचे नाव मुलांना ठाऊक असावे, वर्गात एकदा त्यांना बोलवावे, त्यांचे काम त्यांच्याच तोंडून ऐकावे. मुलांनी त्यांना ‘काका’, ‘मावशी’ म्हणून हाक मारावी. खेइस मुलांचे आभार मानतो. येथे मुलांनी कोणाचे तरी आभार मानावेत, आणि शिक्षणाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही.

संत योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या भोजनाचा जो वृत्तान्त आहे तो आपण पुष्कळदा चमत्कारापाशीच वाचायचे थांबवतो. पुढचा भाग असा की सर्व तृप्त झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि शिष्यांनी बारा टोपल्या भरल्या. ज्याने भाकरी वाढविल्या त्याला उष्टे तुकडे नाहीसे करणे अशक्य नव्हते. तरी ते काम त्याने माणसांच्या हातांवर सोपविले. ज्या मुलाने आपली पाच भाकरी आणि दोन मासे दिले त्याचे पुढे काय झाले, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण टोपल्या भरताना तो बाजूला उभा राहून नुसता पाहत असेल, असे मला वाटत नाही. येत्या फेस्ताच्या तयारीच्या सभेत मंडप, रोषणाई आणि वाद्यवृंद यांबरोबर टोपल्यांचा हा विषयही कार्यसूचीवर यावा, आणि त्या सभेला दोनचार मुलांनाही बोलवावे.